खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही

निशिकांत कर्णिकला पाहुण्यांना दाखवायला सतत काहीतरी लागायचं. नवा टीव्ही घेतला की टीव्ही, बाथरूमच्या फरश्या बदलल्या की बाथरूम. पाहुणा बिचारा हातात चहाचा कप धरून बाथरूमच्या दारात उभा आणि 'वा, वा, छानच' म्हणतोय, असा प्रकार सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कितीदा तरी घडलेला. बँकेत चांगल्या हुद्द्यावर होता, पीआर म्हणजे तिथला कायमचा रहिवासी होता, फ्लॅट स्वतःचा होता, पण चार माणसांनी 'वा' म्हटल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागायचं नाही. आणि वस्तू दाखवून संपल्या की तो आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायचा, "आर्या, बाहेर ये बघू. काकांना श्लोक म्हणून दाखव."

आर्या त्याची एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची. जन्म सिंगापूरचा, शाळा इंग्रजी, आणि शाळेत मातृभाषा म्हणून शिकायची ती हिंदी. मराठी तिला सगळं कळायचं. बोलायला गेली की मात्र 'माझा आई' आणि 'ती साप' व्हायचं, आणि 'ळ' कुठल्या कुठे पळून जायचा. पाहुणे हसायचे. वाईट मनाने नव्हे, पण हसायचे. आणि त्यांच्याहून मोठ्याने हसायचा तिचा बाप. "ऐका, ऐका आमच्या मडमेचं मराठी!" पोरीचे कान लालबुंद व्हायचे. पायाच्या अंगठ्याकडे बघत ती कसंबसं संपवायची आणि आत पळायची.

मेधा, तिची आई, हे सगळं बघायची आणि मूग गिळून गप्प बसायची. पाया लेबारच्या ऑफिसात ती अकाउंटंट होती. तिथे साहेबाला तोंडावर 'हे चूक आहे' म्हणणारी बाई. घरात मात्र पाहुण्यांसमोर तमाशा नको, म्हणून इतकी वर्षं तोंड दाबून बसली होती. "अगं, अशानेच मुलं धीट होतात," असं निशिकांत म्हणायचा. त्यालाही लहानपणी पाहुण्यांपुढे असंच उभं करत असत म्हणे. धीट झाला होता खरा, इतका की त्याला लाज म्हणून उरली नव्हती.

मग त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ते झालं. मराठी मंडळींनी कम्युनिटी क्लबचा हॉल घेतला होता, दीडदोनशे माणसं, आणि माइक निशिकांतच्या हातात. आर्या स्टेजवर आली, दोन श्लोक म्हटले आणि तिसऱ्याला विसरली. आता कोणीही शहाणा बाप काय करेल? पुढचा शब्द हळूच सांगेल, टाळ्या वाजवून पोरीला खाली उतरवेल. याने काय करावं? माइक तोंडाशी धरून तिच्या अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली! अख्खा हॉल हसला. हसण्याने याला चेव आला आणि त्याने ती पुन्हा केली. आर्या दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच उभी राहिली. शेवटी मेधाच स्टेजवर चढली आणि तिला हाताला धरून घेऊन आली.

त्या दिवसापासून आर्याने घरात मराठी बोलणं सोडलं. विचाराल त्याला 'ओके', 'डोन्ट वॉन्ट', नाहीतर नुसती मान. निशिकांत म्हणाला, वयाचं खूळ आहे, जाईल. मेधाला तसं वाटलं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही, पण मनाशी पक्कं केलं, की याचं उट्टं मी काढीन. भांडून नाही. भांडण चार भिंतींत होतं आणि संपतं. पोरीची शोभा चारचौघांत झाली होती, तर याचीही चारचौघांतच व्हायला हवी. तेवढ्यासाठी थांबायची तिची तयारी होती.

आता सापाचं सांगायला हवं, कारण या घरात साप होता.

गणपतीच्या आधी, जूनच्या सुट्टीत, तिघं गाडीने सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला गेले होते. स्वस्तात किराणा, मेधाच्या चष्म्याची फ्रेम, जेवण, झालं. येताना निशिकांतने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा मेधाच्या मांडीवर ठेवला. "नीट धर, नाजूक आहेत, चुरा होईल." वुडलँड्सच्या सीमेवरच्या चौकीवर अधिकाऱ्याने गाडीत डोकावलं, मेधा त्याच्याकडे बघून छान हसली, आणि गाडी सुटली. घरी येऊन डबा उघडला, तर आत उशीच्या अभ्र्यात अजगराचं पिल्लू! हातभर लांब, तपकिरी, त्यावर पिवळट ठिपके. मेधा किंचाळली. सिंगापुरात साप पाळायला बंदी आहे, पकडले गेले तर खटला आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि पकडलं असतं कोणाला? तर जिच्या मांडीवर डबा, तिला!

निशिकांतला ही फार मोठी गंमत वाटली. प्रत्येक पाहुण्याला तो साग्रसंगीत सांगायचा. "बायकोच्या मांडीवर अजगर, आणि बाईसाहेब ऑफिसरकडे बघून गोड हसतायत!" पाहुणे पोट धरून हसायचे, मेधाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तीच त्यांना पुन्हा चहा विचारायची.

आणि साप दाखवायचा कोणाला, तर फक्त मराठी माणसांना. चिनी शेजाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, खिडक्यांना जाड पडदे. इथली एलआरटी, म्हणजे छोटी मेट्रो, घरांजवळून जाते तेव्हा तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही, तरी याचे पडदे ओढलेले. पण दारात 'काय कर्णिक, कसं काय?' असं ऐकू आलं, की सगळी सावधगिरी चपलांबरोबर दाराबाहेर. आपली माणसं! आपली माणसं कुठे बोलतात होय बाहेर!

साप निशिकांतचा असला तरी त्याचं करायची आर्या. तिने त्याचं नाव मायलो ठेवलं होतं, शाळेच्या कँटीनमध्ये मिळणाऱ्या त्या चॉकलेटी पेयावरून, रंग तसाच म्हणून. तिच्या खोलीत काचेची पेटी, पेटीत लपायला उलटं ठेवलेलं मातीचं भांडं, पाण्याचा वाडगा. निशिकांतला साप विकणारा जोहोरचा माणूस महिन्यातून एकदा गोठवलेले उंदीर आणून द्यायचा. ते फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, मटारच्या पिशवीखाली. मेधा अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवणारी. त्या डब्याकडे ती बघायचीसुद्धा नाही.

पण गणपतीनंतर आर्या फक्त मायलोबद्दलच बोलायला लागली. दुसरं काही विचारलं की तोंड बंद, मायलोचं विचारलं की तोंड सुटलं. इंग्रजीत का होईना, पण सुटलं. म्हणून मेधा ऑफिसातून आली की पदर खोचून पेटीशेजारी फतकल मारून बसायची आणि विचारायची. घाबरत घाबरत विचारायची आधी, मग खरंच ऐकायला लागली.

"कॅनॉट होल्ड हिम एव्हरी डे," आर्या सांगायची. हे सगळं तिने इंटरनेटवर वाचून काढलं होतं. "ट्वाइस अ वीक, मॅक्स. अँड ओन्ली शॉर्ट टाइम. ही डझन्ट लाइक इट, आई, ही जस्ट टॉलरेट्स. पीपल थिंक ही लाइक्स इट. नो लाह. लीव्ह हिम अलोन, देन ही इज हॅपी."

"आणि डोळे असे दुधाळ का झालेत गं?"

"शेडिंग हिज स्किन. नाऊ डोन्ट टच अ‍ॅट ऑल. ही कॅनॉट सी, सो ही इज स्केअर्ड."

"आणि खाल्ल्यावर?"

"टू डेज. डोन्ट टच हिम फॉर टू डेज. इफ यू टच, ही व्हॉमिट्स एव्हरीथिंग, अँड दॅट इज व्हेरी बॅड. आफ्टर दॅट ही वोन्ट ईट फॉर मेनी डेज. समटाइम्स दे डाय."

हे ती बापालाही सांगायची. बाप ऐकेल तर शपथ! "साप माझा आहे, मला शिकवू नकोस," म्हणून पेटीचं झाकण उघडायचा. शुक्रवारी एक पाहुणे, शनिवारी दुसरे, रविवारी तिसरे. गळ्यात घालायचा, पाहुण्यांच्या हातात द्यायचा, पोरांच्या डोक्यावर ठेवायचा. मायलो डोकं वेटोळ्यात खुपसून घट्ट चेंडू होऊन बसायचा आणि निशिकांत म्हणायचा, "बघा, लाजला!" एकदा तर त्याने महिनाभर काही खाल्लं नाही. आर्या रोज पेटीशी रडायची.

जानेवारीत एका संध्याकाळी निशिकांत उड्या मारतच घरी आला. रीजनल हेडची जागा रिकामी होणार होती, आणि नाव सुचवणार होते रवींद्र दिवेकर, मुंबईहून बदलून आलेले त्याचे मोठे साहेब. येत्या रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी संजीवनी दुपारच्या जेवणाला येणार होते. "मराठी माणूस आहे गं, आपला! साधं घरगुती जेवण, श्रीखंड-पुरी. हेमचंद्र आणि मीनललाही बोलावू, गप्पा रंगतात. आणि आर्या श्लोक म्हणेल. संजीवनीवहिनींना संस्कारांची भारी आवड."

"ती म्हणणार नाही," मेधा म्हणाली.

"म्हणेल की." त्याने आर्याला हाक मारली आणि सरळ सांगून टाकलं. "रविवारी बारा श्लोक, एकही चूक न करता, मराठी माणसासारखे. नाही म्हटलेस तर सोमवारी हा साप परत जोहोरला. कळलं?"

आर्याने आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, स्वतःच्या पोरीला धमकी? ती बापापुढे उभी राहून चुकली की साप गेला, आणि नाही उभी राहिली तरी साप गेला! ती आर्याला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "तुला उभं राहावं लागणार नाही. आणि मायलोही कुठे जाणार नाही. माझ्यावर सोड."

"हाऊ?" आर्याने विचारलं.

"सोड म्हटलं ना."

आणि मेधाने ठरवलं. इतके महिने जिची वाट बघत होती ती संधी निशिकांतने स्वतः ताटात वाढून दिली होती. चारचौघं असणार होते, साहेब असणार होते, आणि निशिकांत साप बाहेर काढल्याशिवाय राहणार नव्हता. आर्याला श्लोकाला उभं करायच्या आधी त्याला साप काढायला लावायचा, एवढंच. पुढचं काम साप करेल.

रविवारी सकाळी निशिकांत विड्याची पानं आणि फुलं आणायला लिटल इंडियात गेला. आर्या पोहायच्या क्लासला. मेधाने श्रीखंड घोटून ठेवलं, मसालेभाताची तयारी केली, ओट्यावरचं सगळं झाकलं, आणि फ्रीझर उघडला. मटारची पिशवी बाजूला केली. आइस्क्रीमचा डबा दोन बोटांनी धरून बाहेर काढला. आजवर कोंबडीच्या दुकानासमोरून नाकाला रुमाल लावून जाणारी ही बाई! तिने जुनी पातेली घेतली, कोमट पाणी घेतलं, आणि तो गोठलेला उंदीर त्यात सोडला. नाक दाबून उभी राहिली. 'मडमेचं मराठी' म्हणतोस काय, तिच्या मनात चाललं होतं. नकला करतोस काय! थांब, आज तुझी नक्कल होईल. आज आयुष्यभर लक्षात राहील अशी होईल.

चिमट्यात धरून तिने उंदीर पेटीत धरला. आर्या रविवारी संध्याकाळी खायला घालायची, म्हणजे मायलो भुकेलाच होता. झप्पकन झेप घेतली त्याने, वेटोळं घातलं, आणि बऱ्याच वेळाने सावकाश गिळला. मेधा बघत राहिली. त्याच्या मधल्या अंगाला छान फुगवटा आला. पातेली आणि चिमटा तिने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यावर उतरणाऱ्या नळकांड्यात, ढकलून दिला. मग पेटीवर टॉवेल टाकला, साबणाने तीन वेळा हात धुतले आणि पुरीची कणीक मळायला घेतली. मनात भीती नव्हती. खरं सांगायचं तर तिला आनंद होत होता.

आर्या आली तशी खोलीकडे वळली. "आत जाऊ नकोस आत्ता," मेधा म्हणाली. "पुऱ्या लाटायला बस माझ्याजवळ." आर्या बसली. पुऱ्या वेड्यावाकड्या होत होत्या. ओठ हलत होते. बिचारी मनातल्या मनात श्लोक म्हणत होती.

पाहुणे आले. रवींद्र दिवेकर जाडजूड, शांत, कमी बोलणारे. पांढराशुभ्र शर्ट. संजीवनीवहिनी हसतमुख. हेमचंद्र नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून आला होता, आणि मीनल ही त्याची बायको, जिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत जातं. निशिकांतने खास शिवलेला क्रीम रंगाचा रेशमी झब्बा घातला होता. जेवणं झाली, सगळे तृप्त होऊन सोफ्यावर टेकले, हातात श्रीखंडाच्या दुसऱ्या वाट्या. निशिकांतने घसा साफ केला. "आता आमची आर्या..."

"अरे निशी," मेधा चटकन म्हणाली, "वहिनींना ती डब्याची गंमत सांगितलीस का? जोहोरची?"

हा रामबाण होता. स्वतःच्या फजितीची गोष्ट बायको आपण होऊन सांगायला सांगतेय म्हटल्यावर निशिकांत फुलून आला. सांगितली रंगवून. मीनल खिदळली. संजीवनीवहिनी डोळे विस्फारून म्हणाल्या, "अय्या, खरंच साप आहे घरात?"

"दाखव की मग," मेधा म्हणाली. "साहेबांना बघू दे."

"हे इथे चालतं का पण?" रवींद्र म्हणाले.

"सर, आपण सगळे घरचेच!" आणि तो उठलाच.

आर्या त्याच्या मागे धावली. "बाबा, नो, यू टुक हिम आउट यस्टरडे ऑल्सो!" पण तोवर याने टॉवेल ओढला होता, आणि आर्याला तो फुगवटा दिसला. ती ओरडली. "ही हॅज ईटन! बाबा, ही हॅज जस्ट ईटन! डोन्ट टच हिम!"

"गप्प बस. पाहुण्यांसमोर आरडाओरडा करायचा नाही."

त्याने मायलोला उचलून बाहेर आणलं. आर्या रडत रडत त्याच्या मागे दिवाणखान्यात आली आणि आईकडे वळली. "आई, टेल हिम! यू टेल हिम!"

सगळ्यांनी मेधाकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर साप पेटीत गेला असता. पण मग आर्या श्लोकाला उभी राहिली असती. आणि दुसरंही खरं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. निशिकांत त्या रेशमी झब्ब्यावर साप उपरण्यासारखा मिरवत होता, आणि इतक्या महिन्यांनी तो क्षण हातातोंडाशी आला होता. तो तिला सोडवेना. तिने मिठाची गुळणी धरली.

"सर, तुम्ही घ्या ना गळ्यात! काही करत नाही. हेमचंद्र, फोटो काढ." निशिकांतने मायलोला रवींद्रांच्या खांद्यावर टाकलं, घसरू नये म्हणून पोटाजवळ दाबून धरलं, आणि दुसरा हात साहेबांच्या खांद्यावर ठेवून कॅमेऱ्याकडे बघून हसला. फ्लॅश चमकला. मायलोचं अंग एकदा आवळलं, पुन्हा आवळलं, तोंड वासलं गेलं आणि ते बाहेर आलं. ओलं, केस चिकटलेलं, अर्धवट पचलेलं. थोडं त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, थोडं रेशमी झब्ब्यावर, आणि उरलेलं सगळं साहेबांच्या श्रीखंडाच्या वाटीत. आणि वास! तो वास असा, की संजीवनीवहिनी किंचाळत गॅलरीत पळाल्या आणि हेमचंद्र सोफ्यावर चढला. रवींद्र जागच्या जागी दगड झाले. फक्त आर्या पुढे झाली, तिने मायलोला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि छातीशी धरलं.

मेधाला आतून उकळ्या फुटत होत्या. घे! अजून हवंय? घे!

पण निशिकांत साहेबांवर कसा चिडणार? तो वळला आर्यावर. "तू खायला घातलंस! मुद्दाम घातलंस! श्लोक म्हणायचे नव्हते म्हणून! बोल! तोंड आहे ना? सगळ्यांसमोर सांग, का केलंस ते!"

आर्या तोंड उघडून उभी. पुन्हा ती सगळ्यांच्या मधोमध उभी होती, पुन्हा सगळे तिच्याकडे बघत होते. एवढं करून मेधाला जे टाळायचं होतं तेच समोर झालं होतं.

"तिने नाही," मेधा म्हणाली. "मी घातलं."

"तू?"

"मी. सकाळी. या हाताने. मुद्दाम." आणि मग इतक्या वर्षांचं सगळं सुटलं. "तुझी अशीच शोभा व्हावी म्हणून घातलं. स्टेजवर पोरीची नक्कल करताना लाज वाटली का? सगळा हॉल हसवलास. तेव्हापासून माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोललेली नाही, निशी. आज तिला म्हणायला लावणार होतास ना? नाही म्हटलं तर साप घालवणार होतास ना? मग आता तूच म्हण. बारा श्लोक. उभाच आहेस, म्हण!"

"मेधा, सरांसमोर काय हे..."

"म्हणा, कर्णिक." हा आवाज रवींद्रांचा. रुमालाने ते शर्ट पुसत होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "मुलीला पाठ असायला हवेत ना? मग तुम्हाला असतीलच. म्हणा, ऐकू."

साहेबांनी सांगितल्यावर करतो काय! निशिकांतने हात जोडले. छातीवर उंदराचे केस चिकटलेले. पहिला श्लोक म्हटला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. "ते... ते पुढचं..." आणि त्याने आर्याकडे बघितलं, ती सांगेल म्हणून! मीनलला हसू आवरेना. तिचं ते सुप्रसिद्ध हसणं सुटलं, हेमचंद्रही हसला, आणि गॅलरीतून नाक धरून बघणाऱ्या संजीवनीवहिनीसुद्धा. निशिकांतचे कान लालबुंद झाले. त्याने खाली मान घातली.

मेधाने ते डोळे भरून बघितलं. पोटभर बघितलं.

रवींद्र निघाले. जाताना त्यांनी हेमचंद्रच्या हातून कॅमेरा घेतला, गळ्यात साप असलेला आपला फोटो स्वतः पुसून टाकला, आणि दारात चपला घालताना निशिकांतला म्हणाले, "बेकायदा साप माझ्या गळ्यात घालून फोटो काढता. तुम्हाला मोठी जबाबदारी द्यायची म्हणजे मला विचार करावा लागेल." त्या आवाजावरून सगळ्यांना कळलं, की विचार करून झालेला आहे. पाठोपाठ हेमचंद्र आणि मीनल गेले. निशिकांत बाथरूममध्ये गेला आणि शॉवर सोडून बसला. बराच वेळ बाहेर आला नाही.

मेधाने फिनेल टाकून फरशी पुसली, श्रीखंडाची वाटी तशीच्या तशी शूटमध्ये टाकली, पंखा मोठा केला. पुसता पुसता गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळं वाटत होतं. मग हात धुऊन ती आर्याच्या खोलीत गेली. पोर आता गळ्यात पडेल, असंच तिच्या मनात होतं.

आर्या जमिनीवर पेटीला टेकून बसली होती. आत मायलो भांड्याखाली गेला नव्हता. उघड्यावरच सैल पडला होता, तोंड किंचित उघडं.

"झालं बघ," मेधा तिच्या शेजारी बसत म्हणाली. "आता तुला कोणी कधी उभं करणार नाही. बघितलंस ना, कसा अडकला? मी म्हटलं होतं ना, माझ्यावर सोड."

मेधाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने बाजूला केला.

"अगं, तुझ्यासाठीच केलं मी. त्यांना कळायला नको का? किती वेळा सांगितलंस तू त्यांना, दोन दिवस हात लावू नका म्हणून. ऐकलं कधी?"

"नाही ऐकलं," आर्या म्हणाली. हळू बोलली, एकेक शब्द जुळवत, पण मराठीत. "बाबा ऐकतच नाहीत. बाबांना माहीतच नव्हतं."

मग तिने मान वळवून आईकडे बघितलं.

"तू ऐकलं होतंस, आई. तुला माहीत होतं."